‘अस्तु’मधील वाचा : एक भाषाशास्त्रीय विचार

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी अल्झायमरग्रस्त संस्कृत पंडित चक्रपाणि शास्त्री उभे केले आहेत. शास्त्रीबुवांची आप्तांची ओळख सुटते, माहुताच्या पत्नीला ते आई मानतात. वर्णोच्चार मात्र ढळत नाही. हे चित्रण यथार्थ होय. या विकारात प्रथम नामे हरवतात, वाक्यातील आशय विरळ होतो. जीभ व ओठ यांचे व्यापार बहुधा उत्तरावस्थेपर्यंत शाबूत राहतात. क्षय भाषेचा असतो, उच्चाराचा नव्हे.

चित्रपटाचा विषय स्मृती हा आहे. औषधाने बदलणारी वाचा त्याच्या कक्षेबाहेर राहते. वस्तुतः भ्रम वा प्रक्षोभ आवरण्यासाठी अशा रुग्णांना कधी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारखी औषधे दिली जातात. ती मेंदूतील डोपामाइनचे कार्य रोखतात. त्यामुळे कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. आवाज क्षीण व एकसुरी होतो, स्पर्शवर्ण सैल पडतात. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात हा धोका विशेष तीव्र असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या औषधांनी मृत्यूचा संभव वाढतो, असा इशारा २००५ मध्ये नव्या व २००८ मध्ये जुन्या औषधांबाबत दिला. ‘वाचा गेली’ या एकाच शब्दप्रयोगात रोगाने गेलेली भाषा आणि औषधाने मंदावलेला उच्चार एकरूप होतात. पहिली सहसा परतत नाही. दुसरा, वैद्याने औषध वेळीच कमी केल्यास, पुष्कळदा सुधारतो.

हा भेद ओळखण्यास बोलीचे ज्ञान हवे. यवतमाळ जिल्ह्यातील वऱ्हाडी भाषकाच्या तोंडी ‘डोळा’ हा ‘डोया’ आणि ‘पाणी’ हे ‘पानी’ असते. तो बोलीचा नियम आहे, उच्चारदोष नव्हे. चित्रपटातील चन्नम्मा कन्नड बोलते; यवतमाळात कन्नडप्रमाणेच द्राविड कुळातील कोलामी ही अनेकांची मातृभाषा आहे. एमेनो यांनी १९५५ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. अशा वृद्धाची वाचा प्रमाण मराठीच्या कसोटीवर तपासल्यास निरोगी उच्चार सदोष ठरेल आणि खरा बिघाड बोलीच्या नावावर खपून जाईल.

तात्पर्य, तुलना प्रमाणभाषेशी नव्हे, तर त्याच व्यक्तीच्या पूर्वीच्या बोलण्याशी झाली पाहिजे, आणि औषध केव्हा सुरू झाले हेही पाहिले पाहिजे. ‘अस्तु’ने भाषेचा क्षय समर्थपणे दाखविला, उच्चाराच्या क्षयाची वेगळी नोंद ठेवणे हे भाषाशास्त्राचे काम आहे.