प्रतीक्षायादी आणि आपले कथालेखन

आपल्या आत्मकथनांत शाळा येते ती बहुधा अपमानाची जागा म्हणून. हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'तली (१९८४) सहल आठवावी. वेगवेगळ्या झाडांखाली दोन पंगती, दोन प्रकारचे अन्न. तिथे अडवणाऱ्याला तोंड आहे, जात आहे, आवाज आहे. म्हणून त्या लेखनातल्या संतापाला भाषा सापडली.

माझी तक्रार आजच्या कथेविषयी आहे. विद्यार्थी माझ्याकडे कथा आणून देतात. दहातल्या आठांत तोच छडीवाला मास्तर असतो. तो मास्तर खोटा नाही, पण या पोरांनी तो पाहिलेला नाही, वाचलेला आहे. त्यांनी पाहिलेले दार वेगळेच आहे आणि ते कथेत येत नाही.

मोडनिंबच्या एका शेतमजुराने लेकीसाठी २५ टक्के राखीव जागांचा अर्ज भरला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत या जागा ठेवल्या. वंचित गटात असल्याने त्याला उत्पन्नाची अट नव्हती, जातीचा दाखला मात्र हवा होता. सोडत निघाली. मुलगी प्रतीक्षायादीत. पुढे निवडलेल्यांपैकी कोणी प्रवेश घेतला नाही तरच एखादी जागा सुटणार. शाळा लहान, राखीव जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातून सुटणार किती? हा माणूस दोन महिने मोबाईल उशाशी घेऊन निजला. त्याला कोणीही हाकलले नाही. सगळे त्याच्याशी नीट बोलले. तो शिवी कोणाला देणार?

हा प्रश्न कलेचा आहे, आणि आपल्या कथेने तो अजून घेतलेला नाही.

या प्रकाराला इतिहास नाही असे कोणी समजू नये. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने अर्ज केला, तेव्हा मुंबई सरकारने न्याय मुलाच्या बाजूचा असल्याचे मान्य केले आणि एकट्यासाठी इतरांची शाळा मोडता येत नाही म्हणून त्याला बाहेरच ठेवले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनात हे प्रकरण नोंदवले आहे. हक्क मान्य, जागा नाही : ही भाषा तेव्हापासूनची आहे.

९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने ती पुन्हा वापरली. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मोडनिंबसारख्या गावात जिल्हा परिषदेची शाळा एक किलोमीटरच्या बाहेर असणार तरी कुठे? म्हणजे यादीच नको, वाट पाहणेही नको! मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती रद्द केली. पण तोवर जून उलटून गेला होता, आणि सहा वर्षांच्या पोराचा जून परत येत नसतो.

काही मित्र म्हणतात, इंग्रजी शाळेचा हा सोस मध्यमवर्गीय आहे, जिल्हा परिषदेची शाळा सुधारा. सुधाराच. परंतु हे सांगणाऱ्यांची स्वतःची मुले कोठे शिकतात, हेही एकदा छापून यावे. त्या बापाला मी हाच युक्तिवाद ऐकवला तेव्हा तो म्हणाला, "सर, तुमची पोरगी कुठं हाय?"

त्याच्या या एका वाक्यात जेवढी कथा आहे, तेवढी माझ्याकडे आलेल्या त्या आठ कथांत मिळून नाही.