जमीन गेलेल्या माणसांची चार पुस्तके

मराठी मुलखापासून दूर राहणाऱ्या वाचकाचे वाचन बहुधा योगायोगावर चालते. रजेवर गेलेला एखादा स्नेही परतताना दोन पुस्तके आणतो, एखादे दिल्लीतील ग्रंथप्रदर्शनात हाती लागते, आणि जसे मिळेल तसे ते वाचले जाते. गेल्या वर्षभरात अशा रीतीने वाचलेल्या पुस्तकांपैकी चार मात्र एकाच प्रश्नाभोवती फिरणारी निघाली. दोन कादंबऱ्या : विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ (२०१८). दोन वैचारिक वा चरित्रपर ग्रंथ : राजेंद्र व्होरा यांचा ‘मुळशी सत्याग्रह’ (१९९४) आणि, मराठी नव्हे पण गुरुग्रामात राहणाऱ्याने वाचलेच पाहिजे असे, ‘डी. एल. एफ.’चे कुशलपाल सिंह यांचे २०११ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मकथन. चौघांचा विषय एकच, तो म्हणजे शेतकऱ्याच्या हातून जमीन कशी जाते आणि गेल्यावर त्याचे काय होते.

ह्या विषयाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. आपणा वाचकांपैकी बहुतेकजण सरकारी सेवेत आहेत. ‘सार्वजनिक प्रयोजनार्थ’ ही शब्दसंहती आपल्या हाताखालून इतक्या वेळा गेलेली असते की तिच्या पलीकडच्या टोकाला एखादे घर असेल, गोठा असेल, ह्याची जाणीव टिप्पणी लिहिताना राहत नाही. ती राहावी म्हणून कादंबऱ्या लिहिल्या जातात असे नाही. पण ह्या विषयावरील कादंबरी वाचताना कारकुनाला आपली खुर्ची दिसल्यावाचून राहत नाही.

‘झाडाझडती’ला १९९२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, आणि मराठी वाचकांत ती सुपरिचित आहे. धरणाखाली जाणारे जांभळी गाव, त्या गावासाठी झटणारे खैरमोडे गुरुजी, पुनर्वसनाच्या नावाने चाललेली फरफट, लाभक्षेत्रातल्या बागाईतदारांचा विरोध, पुढाऱ्यांची आश्वासने आणि कचेऱ्यांचे उंबरठे असा तिचा विस्तीर्ण पट आहे. लेखक स्वतः महाराष्ट्राच्या महसूल प्रशासनात अधिकारी होते. त्यामुळे आपल्या इतर कादंबरीकारांना जे सहसा साधत नाही ते त्यांना सहज साधते. कागद कोठून निघतो, कोठे अडतो आणि कोणाच्या सोयीसाठी हरवतो, हे त्यांना ठाऊक आहे. १९७६ च्या पुनर्वसन कायद्याने महाराष्ट्राने एक उदार कल्पना स्वीकारली होती. धरणाचे पाणी ज्याला मिळणार, त्या मोठ्या खातेदाराची ठराविक मर्यादेपलीकडची जमीन घेऊन ती धरणग्रस्ताला द्यावयाची, ही ती कल्पना. ज्याचे भले व्हायचे त्यानेच बुडणाऱ्याला थोडी जागा करून द्यावी, ह्यापरते न्याय्य काय असणार? पण ही कल्पना गावात उतरताना तिचे काय होते, हे कायद्याचे पुस्तक वाचून कळत नाही. ‘झाडाझडती’ वाचून कळते. ह्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे.

असे असूनही पुस्तक मिटल्यावर माझे समाधान झाले नाही. ही कादंबरी वाचकाला संताप आणते आणि त्या संतापाला ताबडतोब ठिकाणही दाखवून देते. लाचखाऊ कर्मचारी, मतलबी पुढारी, जमीन लाटणारे दलाल ह्यांच्यावर तो संताप रिकामा होतो, आणि वाचक एका अर्थी मोकळा होऊन उठतो. मनात मात्र एक शंका राहते. ह्या कादंबरीतील प्रत्येक तलाठी आणि प्रत्येक अधिकारी सचोटीचा असता, भरपाई वेळेवर मिळाली असती, नवी वसाहत आखणीप्रमाणे उभी राहिली असती, तर जांभळीची माणसे सुखी झाली असती काय? पुष्कळ दुःख कमी झाले असते, ह्यात संशय नाही, आणि जे कमी होऊ शकत होते त्याबद्दलचा लेखकाचा क्रोध सार्थच आहे. पण जे उरले असते ते काय, हा प्रश्न खलपुरुषांच्या गर्दीत विचारलाच जात नाही. माझ्या मते विस्थापनाच्या वाङ्मयाचा खरा प्रश्न तोच आहे.

‘रिंगाण’ नेमकी तेथून सुरू होते. खोत हे पन्हाळा परिसरातले. ‘गावठाण’पासूनच्या त्यांच्या कादंबऱ्या त्याच मातीत रुजलेल्या आहेत. ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला तेव्हा दिल्लीतील मराठी मंडळींत तिचे नाव ऐकू येऊ लागले, पण वाचलेली माणसे त्या मानाने थोडी भेटली. कारण उघड आहे. तिची बोली कोल्हापूरकडची, ठाशीव आणि वाचकाच्या सोयीसाठी कोठेही न थांबणारी आहे. माझ्या एका वैदर्भीय सहकाऱ्याने वीस पानांवर पुस्तक परत केले. मोठ्याने वाचून पाहावे असे मी त्यांना सुचवले आहे. डोळ्यांना जे अडते ते कानाला पुष्कळदा अडत नाही.

कथावस्तु म्हणाल तर एवढीच : धरणामुळे उठलेल्या गावाची माणसे दुसरीकडे वसली आहेत, आणि मागे राहिलेल्या म्हशीला आणण्यासाठी देवाप्पा जुन्या गावाच्या जागी जातो. म्हैस तेथे आहे, परंतु ती आता कोणाची राहिलेली नाही. माणसांनी सोडल्यावर ती रानाची झाली आहे. तिला धरू पाहणारा माणूस आणि त्याला न ओळखणारे जनावर एवढ्या द्वंद्वावर लेखकाने सारी कादंबरी तोलून धरली आहे. येथे कचेरी नाही म्हटले तरी चालेल, खलनायक तर नाहीच. गाव सोडून जाताना माणसाने आपल्या आश्रितांशी जो व्यवहार केला तोच त्याच्यापुढे शिंगे रोखून उभा राहतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याही हातून अन्याय घडला आहे, ही जाणीव ‘झाडाझडती’च्या रचनेत मावणारी नव्हती, तिच्यासाठी अशीच अरुंद आणि खोल कादंबरी हवी होती. मधल्या भागात निवेदन त्याच त्या आठवणींभोवती घोटाळते आणि वाचकाची चिकाटी पाहते, हा दोष मी लपवू इच्छित नाही. तरीही दोन्हींत श्रेष्ठ कोणती असे विचारल्यास मी ‘रिंगाण’चे नाव घेईन.

येथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. आपण ‘धरणग्रस्त’, ‘प्रकल्पग्रस्त’ असे शब्द सर्रास वापरतो. ‘ग्रस्त’ हे पद आपल्याकडे रोगाला, पुराला, ग्रहणाला लागते. म्हणजे धरण हे जणू आकाशातून आले, कोणी ठरवून बांधले नाही, असा अर्थ शब्दातच भरला गेला आहे. शासकीय भाषेची ही करामत कादंबरीकारांनीही निमूटपणे स्वीकारली, ह्याचे नवल वाटते.

धरण कोणी ठरवले, हे जाणायचे तर व्होरांच्या ग्रंथाकडे वळावे लागते. १९२१ ते १९२४ ह्या काळात मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध जो लढा दिला त्याचा हा अभ्यास. मुंबईला वीज हवी होती, त्यासाठी नीला आणि मुळा ह्यांच्या संगमाजवळ पाणी अडवायचे होते, आणि सुमारे पन्नास गावे त्यात जाणार होती. सेनापती बापटांचे नाव आपणा सर्वांना ठाऊक असते, ‘जान किंवा जमीन’ ही घोषणाही ठाऊक असते. पण एवढ्यावरच आपले ज्ञान संपते. व्होरा राज्यशास्त्राचे अध्यापक असल्यामुळे ते वीरगाथा सांगत नाहीत. कोणाची जमीन किती, कर्ज कोणाचे, पुण्यात बसलेल्या सावकार-जमीनदारांचे हित कशात आणि कसणाऱ्या मावळ्याचे कशात, ह्याची ते शांतपणे फोड करतात. ज्याला जमीन म्हणजे व्याजावर लावलेले भांडवल, त्याला पैशाची भरपाई गैरसोयीची नव्हती. ज्याला ती भाताचे खाचर, त्याला ती चालण्यासारखी नव्हती. लढ्याची ताकद येथे फुटली. ह्या विवेचनात कोणी दुष्ट ठरत नाही, आणि म्हणूनच ते अधिक अस्वस्थ करते. प्रत्येकजण आपापल्या जागी समंजसपणे वागतो आणि गावे बुडतात.

आपणा नोकरदारांसाठी येथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. ही जमीन ज्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतली गेली, त्यात संपादनालाच हरकत घेण्याची आणि ती ऐकून घेतली जाण्याची तरतूद मुळात नव्हती. ती ‘कलम ५-अ’ म्हणून १९२३ साली घालण्यात आली, म्हणजे मुळशीचा लढा चालू असताना. तोवर शेतकऱ्याला विचारायचे ते एवढेच की किंमत किती. हा कायदा पुढे थेट २०१३ च्या नव्या कायद्याने १ जानेवारी २०१४ पासून गेला. मुळशी, कोयना आणि आज ज्याला गुरुग्राम म्हणतात त्याचेही बरेचसे सरकारी संपादन ह्या एकाच छत्राखाली झाले.

गुरुग्रामची कथा मात्र निम्मीच सरकारी आहे. हरियाणाच्या १९७५ च्या कायद्याने खाजगी वसाहतकारांना परवाने मिळू लागले, १९७७ साली नागरी विकास प्राधिकरण आले, आणि शेतजमिनीची मोठी खरेदी सुरू झाली. कुशलपाल सिंहांचे पुस्तक त्या खरेदीचे आहे, आणि मी ते पूर्वग्रहाने उघडले तरी कंटाळ्याने मिटले नाही. सुमारे साडेतीन हजार एकर जमीन आपण शेतकऱ्यांकडून, बव्हंशी उधारीवर, कशी मिळवली, त्यांच्या घरी कसे बसलो-उठलो, त्यांच्या घरच्या सुखदुःखात कसे सामील झालो, हे ते मोठ्या अभिमानाने सांगतात. रणरणत्या उन्हात जीप थांबते, राजीव गांधी उतरतात आणि ओसाड रानाकडे पाहून चौकशी करतात, हा प्रसंग कादंबरीकाराने लिहिला असता तर आपण त्याला बनावट म्हटले असते. लेखक खोटे सांगत आहेत असे मला कोठे वाटले नाही. सौदे गोडीने झाले असतील, पैसे मिळाले असतील, शब्द पाळला गेला असेल. एवढे सारे मान्य केल्यावर जे उरते तेच मला ‘झाडाझडती’त हवे होते. येथे जुलूम नाही, नोटीस नाही, पाणीही नाही. तरी शेत गेले. पुस्तकात शेतकरी येतो तो विक्रेता म्हणून येतो आणि सह्या झाल्या की पानावरून नाहीसा होतो. खरेदी करणाऱ्याच्या आठवणीत त्याला तेवढीच जागा असणार, ही तक्रार नव्हे, तो आत्मकथनाचा स्वभावच आहे.

त्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले हे सांगणारी कादंबरी वा आठवणींचे पुस्तक माझ्या पाहण्यात आलेले नाही. नाथूपूर, चक्करपूर, सिकंदरपूर ही गावे बुडाली नाहीत. ‘लाल डोऱ्या’च्या आत गावठाण जसेच्या तसे उभे आहे, शेत तेवढे काचेच्या इमारतींखाली गेले आहे. मालक आता भाडे खातात, आणि आमच्यासारखे परमुलखातले नोकरदार त्यांच्या चौमजली घरांतून खोल्या घेऊन राहतात. त्यांना ‘ग्रस्त’ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. कित्येकांची श्रीमंती आपल्या कल्पनेपलीकडची आहे. देवाप्पाची म्हैस तर येथे रानात जाऊच शकली नाही, कारण रान उरले नाही. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीच्या तळमजल्यावर, मोटारींच्या शेजारी, ती अजून दावणीला आहे. काळी, तुकतुकीत, मुऱ्हा जातीची. सकाळी मालकाची म्हातारी आई तिला विकतचा चारा घालते आणि धार काढून ठेवते. दूध आम्ही भाडेकरू घेतो.