पदातील काकू : ‘शारदे’च्या एका तालमीवरून काही विचार

मराठी संगीत नाटकासंबंधीचे आपले विवेचन सामान्यतः दोन मार्गांनी चालते. वाङ्मयाचा अभ्यासक छापील संहिता हाती घेतो, कथानक, स्वभावलेखन व संवाद यांचा सविस्तर विचार करतो आणि पदांचा निकाल एखाद्या परिच्छेदात लावतो. संगीताचा अभ्यासक पदे तेवढी उचलतो, चालींची मुळे शोधतो, आणि ते पद ज्या संभाषणातून निघाले त्याकडे सहसा वळत नाही. बोलता बोलता पात्र गाऊ लागते तो क्षण अशा रीतीने दोघांच्याही कक्षेबाहेर राहतो. नटाला मात्र तो टाळता येत नाही. त्याला रोज संध्याकाळी तालमीत त्या क्षणाला सामोरे जावे लागते, आणि तेथे त्याला जे कळते ते आपल्या ग्रंथांत क्वचितच नोंदलेले आढळते.

हा विचार सुचण्यास एक प्रसंग कारण झाला. आमच्या विद्यार्थ्यांनी देवलांचे ‘संगीत शारदा’ बसविण्यास घेतले. शारदेची भूमिका पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीकडे होती. उच्चारांकडे लक्ष ठेवावे म्हणून दिग्दर्शकांनी प्रस्तुत लेखकास तालमींना बोलाविले, आणि त्या निमित्ताने सहा आठवडे ही भूमिका घडताना पाहावयास मिळाली. विद्यार्थिनीने तालमींची एक वही ठेविली होती. पुढील विवेचनात तिच्या अनुमतीने त्या वहीचा उपयोग केला आहे.

‘शारदा’ हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ साली इंदूर येथे प्रथम रंगभूमीवर आणले. वृद्ध भुजंगनाथ, धनलोभी कांचनभट आणि या दोघांच्या व्यवहारात विकली जाणारी शारदा ही कथा वाचकांस ज्ञात आहे. हे नाटक सामाजिक दस्तऐवज म्हणून इतके गाजले की, १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास मराठीत ‘शारदा कायदा’ हेच नाव रूढ झाले. वस्तुतः ते नाव हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आलेले आहे. प्रश्न म्हणून शारदेची चर्चा पुष्कळ झाली. ती बोलते कशी आणि गाते कशी, हा विचार त्या मानाने मागे पडला.

*

पहिले दोन आठवडे गद्य प्रवेशांत गेले व ते सुरळीत पार पडले. देवलांचे संवाद आजही जिभेला अडत नाहीत. विद्यार्थिनीने पदे मात्र घरी ध्वनिमुद्रिका ऐकून आधीच बसविली होती. तिचा गळा तयार होता, सूर पक्का होता. तरीही तिसऱ्या आठवड्यात पदांसह तालीम सुरू झाली तेव्हा प्रवेश मोडू लागला. वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे : “गाणे सुरू झाले की शारदा निघून जाते आणि मी एकटी उरते. गाणे संपले की तिला पुन्हा शोधून आणावे लागते.” दोन दिवसांनी तिने भूमिका सोडण्याचा विचार बोलून दाखविला. दिग्दर्शकांनी तोडगा सुचविला की, पदे दुसऱ्या गायिकेने विंगेतून म्हणावीत व तिने केवळ अभिनय करावा. विद्यार्थिनी या तोडग्याला जवळजवळ कबूल झाली होती.

अडचण कोठे होती? माझ्या मते ती ध्वनिमुद्रिकेत होती. गायन वाईट होते असे नव्हे. ते उत्तमच होते. परंतु भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला तो १९०२ साली; म्हणजे ‘शारदे’तील पदे तबकडी येण्यापूर्वीच रंगभूमीवर रुळलेली होती. पुढे तबकडीच्या एका बाजूवर जी तीनेक मिनिटे मिळत त्यांत पद तेवढे बसले, त्याच्या आधीचे वाक्य बाहेर राहिले. मैफलीतील नाट्यगीतानेही हीच वाट धरली. विद्यार्थिनीने जे पाठ केले होते ते सर्वस्वी निर्दोष, पण कोणत्याही वाक्याचे उत्तर नसलेले गाणे होते. ते नाटकात परत बसवावयाचे तर त्याला पुन्हा बोलणे बनविणे अवश्य होते.

*

येथे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. “तुम्ही येणार” हे दोनच शब्द साधे विधान म्हणून, प्रश्न म्हणून किंवा टोमणा म्हणून उच्चारता येतात. शब्द तेच राहतात, स्वराचा चढउतार बदलतो. या स्वरविकारालाच आपल्या शास्त्रकारांनी ‘काकू’ म्हटले आहे. भरताने नाट्यशास्त्रात साकांक्ष व निराकांक्ष असे तिचे दोन भेद सांगितले. ज्या वाक्याचा अर्थ अजून काही अपेक्षितो त्याची काकू वेगळी, आणि ज्याचा अर्थ पुरा झाला त्याची वेगळी. पदात मात्र स्वराचा चढउतार चालीने आधीच ठरविलेला असतो. प्रश्न असो वा आक्रोश, अंतरा वर जावयाचा तेथे वरच जातो. मग पदात काकू जाते कोठे?

एक उत्तर असे की, ती शब्दांत जाते. मराठीत च, तर, ना, की, ग यांसारख्या छोट्या शब्दांना जे सामर्थ्य आहे त्याचे कारणच हे की, ते सुराविनाही वक्त्याचा रोख सांगू शकतात. देवलांची पदे बोलीच्या निकट आहेत असे आपण म्हणतो. त्याचा अर्थ त्यांचे शब्द सोपे आहेत एवढाच करू नये. काकूचे काम करणारे शब्द त्यांनी पदात राखले, हा त्याचा खरा अर्थ आहे. नवरदेवाच्या वयावरून शारदेची थट्टा करणारे मैत्रिणींचे पद सर्वांस परिचित आहे. त्यातील सारा उपरोध ‘अवघे’ या एका शब्दावर तोललेला आहे. तो शब्द स्पष्ट उच्चारला की चाल कोणतीही असो, टोमणा पोहोचतो. तसेच ‘पाऊणशे’ या संख्यावाचकाचे. ‘पंच्याहत्तर’ म्हटले असते तर केवळ वय कळले असते. ‘पाऊणशे’ म्हणताच ती संख्या शंभराच्या मापाने मोजली जाते. म्हातारा शंभरीला अजून पाव भागाने कमी आहे असा खोटा दिलासाही मिळतो आणि शंभरीचे नावही निघते. ही चेष्टा स्वरात नाही, मराठीच्या मोजणीत आहे. मैत्रिणींच्या भूमिका करणाऱ्या मुलींना हे पद पहिल्याच दिवशी साधले, याचे कारण यातच सापडते.

*

शारदेला मिळालेले काम अधिक कठीण आहे. भीती सदेह समोर उभी असल्याची कल्पना ज्यात आहे ते तिचे पद उपरोधाचे नाही. तेथे ‘अवघे’सारखा आधार नाही. उलट त्याचा पहिलाच शब्द ‘मूर्तिमंत’. विद्यार्थिनीची तक्रार होती की, घाबरलेली अजाण मुलगी असा शब्द उच्चारणार नाही. हा शब्द देवलांचा आहे, शारदेचा नव्हे. तक्रार वरवर रास्त दिसते. परंतु भिक्षुकाच्या घरात वाढलेल्या मुलीच्या कानांवर पुराण-कीर्तनातून हा शब्द पडलेलाच असणार. तो तिच्या नित्याच्या बोलण्यातला नाही, श्रवणातला आहे. नेहमीचे शब्द अपुरे पडतात तेव्हा माणूस ऐकलेला मोठा शब्द उसना घेतो. हे ध्यानात आल्यावर विद्यार्थिनीने तो शब्द सराईतपणे फेकण्याचे सोडले. प्रथमच उच्चारल्यासारखा, किंचित दबकत तो येऊ लागला. ओठ मिटून होणारा ‘म’ आणि पुढचा ‘र्त’ हा जोड या दोहोंनी तिला साहाय्यच केले.

दुसरी अडचण पेटीच्या सुराची होती. पद जवळ आले की पेटीवाल्याने सूर धरावा हा संगीत नाटकाचा नित्याचा परिपाठ आहे. त्याचा परिणाम असा होई की, विद्यार्थिनीचे शेवटचे गद्य वाक्य नकळत षड्जाकडे ओढले जाई व त्याला हेल येई. प्रेक्षकाला ‘आता गाणे येणार’ ही सूचना मिळे आणि त्या वाक्यातील भीती नाहीशी होई. सूर अजिबात न देता पाहिले, तेव्हा पदाची पहिली जागाच चुकली. शेवटी सूर एक वाक्य आधी, म्हणजे समोरच्या पात्राच्या बोलण्याखाली देण्याचे ठरले. शारदा तो ऐके, पण स्वतःचे वाक्य कोरडेच बोले. श्वासाचाही प्रश्न याच ठिकाणी सुटला. भीतीने श्वास आखूड होतो आणि गाण्याला तो दीर्घ लागतो, हा विरोध तिला प्रारंभापासून जाचत होता. दीर्घ श्वास तिने पदाच्या तोंडाशी न घेता गद्य वाक्याच्या आधी घेण्यास आरंभ केला. तेथे तो गायिकेचा न वाटता धसका बसलेल्या मुलीचा वाटे.

तिसरी गोष्ट सांगताना लेखकाने स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ बोलताना लोप पावतो. ‘घर’, ‘हात’, ‘पाऊस’ हे शब्द आपण व्यंजनान्त उच्चारतो. पद्यात मात्र त्या ‘अ’ची मात्रा मोजली जाते आणि गाताना तो ऐकू येतो. पद बोलण्याच्या जवळ आणावयाचे तर हा ‘अ’ गाळावा, असा सल्ला मी दिला. तो सरसकट पाळल्यावर जागोजाग मात्रा रिकाम्या पडल्या, तबल्याशी भांडण सुरू झाले आणि चाल फाटल्यासारखी वाटू लागली. नियम खरा होता, त्याचे स्थान चुकले होते. यातून मार्ग विद्यार्थिनीनेच काढला. बहुतेक ठिकाणी तिने ‘अ’ पूर्ण गायिला. जेथे शारदेला शब्द पुढे नेववत नाही अशा दोन जागी तेवढा तो गाळला आणि ती मात्रा मुकी जाऊ दिली. बोलण्यातला विराम तालात शिरला, आणि ताल मोडला नाही. चढउतार चालीच्या स्वाधीन असला तरी शांतता नटाच्या हाती राहते. पदातील काकूचे हे दुसरे स्थान मला शास्त्रग्रंथातून नव्हे, त्या तालमीतून समजले.

चौथा मुद्दा ध्रुवपदाच्या पुनरावृत्तीचा. अंतरा संपला की तेच शब्द परत येतात. मैफलीत ही जागा आलाप-तानांची असते. नाटकात तेच वाक्य पुन्हा बोलणाऱ्या माणसाचा उद्देश बदललेला असतो. एरवी तो ते पुन्हा बोलणारच नाही. म्हणून ध्रुवपद पहिल्याने समोरच्यास सांगावे, दुसऱ्याने स्वतःस, आणि शेवटी कोणासही नाही, अशी वाटणी दिग्दर्शकांनी करून दिली. स्वर एकही बदलला नाही. त्या रात्री वहीत एकच वाक्य लिहिलेले आहे : “आज ती गेली नाही.” विंगेतील गायिकेचा विषय पुढे कोणी काढला नाही.

*

येथे एक आक्षेप संभवतो. संगीत नाटकाचा प्रेक्षक गाणे ऐकावयास येत असे. ‘वन्समोअर’ मिळून एकेक पद लांबत जाई, आणि बालगंधर्वांसारख्या गायकनटांनी त्या रसिकतेला जे दिले ते अमोल आहे. मग पदाला संवादाच्या दावणीला बांधण्याचा हा अट्टाहास कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे. गायनाचा आनंद हा या नाट्यप्रकाराचा दोष नव्हे, आणि पद नेहमीच संवादाच्या मापाने तोलावे असेही माझे म्हणणे नाही. परंतु देवल हे केवळ पदकर्ते नव्हते, तालीम देणारे नाट्यशिक्षक म्हणूनही त्यांची ख्याती होती. अशा लेखकाने पद कोणत्या वाक्यानंतर ठेवले, याला काही अर्थ असलाच पाहिजे. तो अर्थ आधी हाती आला तर पद विस्तारतानाही तो सुटत नाही. तो मुळातच हरवला असेल तर पद कितीही रंगो, नाटक तेथे थांबते.

प्रत्यक्ष प्रयोग सर्वांगसुंदर झाला असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या अंतऱ्यात विद्यार्थिनीचा सूर क्षणभर हलला, आणि ‘वन्समोअर’ कोणी मागितला नाही. पद संपल्यावर टाळी पडण्यास मात्र नेहमीपेक्षा उशीर लागला. गाणे संपले आहे, हे प्रेक्षकांच्या लगेच ध्यानात आले नसावे. या प्रयोगाचे याहून मोठे यश मला सांगता येणार नाही.

आपल्या अभ्यासक्रमात संगीत नाटके वाचली जातात ती बहुधा पदे ओलांडून. ही सवय बदलावयाची असेल तर एक सोयीचे क्षेत्र देवलांनीच उपलब्ध करून ठेविले आहे. त्यांचे ‘फाल्गुनराव’ हे १८९३ चे गद्य नाटक १९१६ साली पदांसह ‘संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आले. कथानक तेच, लेखक तोच. मध्ये तेवीस वर्षांचे अंतर आणि पदांची भर. कोणते वाक्य पदाला वाट देते, कोणते गद्यच राहते, आणि पद आल्यावर आधीच्या वाक्याची रचना बदलते काय, हे दोन्ही संहिता शेजारी ठेवून तपासता येईल. विभागातील एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने हे काम अवश्य हाती घ्यावे. मात्र त्याने दोन्ही संहिता केवळ डोळ्यांनी वाचू नयेत. निदान एक प्रवेश उभ्याने, पेटी-तबल्यासह करून पाहावा.