भाव पाडला कुणी, भुर्दंड कुणाला?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला गाठून विचारलं, ‘देशांनी कंपनीकरात स्पर्धा केली तर बिघडलं काय? दुकानदार भाव पाडतो, गिऱ्हाइकाचं भलं होतं.’ हा युक्तिवाद तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच ऐकलेला आहे, आणि माझ्या मते तो मुळातच लंगडा आहे. दुकानदार निदान स्वतःचा माल स्वस्तात विकतो. युरोपच्या सामायिक बाजारात मात्र शेजाऱ्याच्या मालावर सवलत देता येते.

आयर्लंडचं बघा. 2003 पासून तिथला कर साडेबारा टक्के. उघड, कायद्याने ठरवलेला. टोकाला असलेल्या छोट्या देशाने कारखाने यावेत म्हणून कर कमी ठेवला, ह्याला मी नावं ठेवणार नाही. ॲपल कॉर्कमध्ये 1980 पासून आहे, लोकांना कामं मिळाली, हे खरंच आहे. पण आपली सगळी चर्चा ह्या साडेबारापाशीच अडकते, आणि खरी गोम तिथे नव्हतीच!

गोम होती नफा कुठे मोजायचा ह्यात. फोन विकला जायचा पॅरिसला, मिलानला. कागदावर विक्री आयर्लंडमधल्या कंपनीची. तिथूनही बहुतेक नफा कंपनीच्या ‘मुख्य कार्यालया’च्या नावे. हे कार्यालय कुठल्या देशात? कुठल्याच नाही. कर्मचारी नाहीत, जागा नाही. युरोपीय आयोगाच्या हिशेबाने 2014 साली प्रत्यक्ष कर पडला 0.005 टक्के. म्हणजे दहा लाख युरोंवर पन्नास युरो. (हशा) हसू नका, 1991 आणि 2007 मध्ये आयरिश कर खात्याने ह्या पद्धतीला लेखी होकार दिला होता.

2016 मध्ये आयोगाने सांगितलं, 13 अब्ज युरो वसूल करा. तर सरकारच कोर्टात गेलं, आम्हाला हे पैसे नकोत म्हणून! 2020 मध्ये जिंकलं, सप्टेंबर 2024 मध्ये अंतिम निकालात हरलं.

ह्या निकालाचं स्वागत झालं, ते ठीक. माझी तक्रार वेगळी आहे. करविषयक कायद्याला सत्तावीसही देशांची संमती लागते, म्हणून आयोगाला मागच्या दाराने यावं लागलं: एका कंपनीला सरकारने बेकायदा मदत दिली, असं म्हणत. म्हणजे दोष ठरला पक्षपाताचा. तीच सवलत सरसकट सगळ्यांना दिली असती, तर हा खटला उभा करणं फार अवघड गेलं असतं.

आता 75 कोटी युरोंवर उलाढाल असलेल्या समूहांना किमान 15 टक्के कर आलाय. चांगलंय. पण आयर्लंडमधल्या नफ्यावरचा वाढीव फरक आयर्लंडच वसूल करतं. आणि ते 13 अब्ज, व्याज धरून 14 च्या वर, तेही गेले डब्लिनच्या तिजोरीत. फोन ज्यांनी विकत घेतले त्या पॅरिस-मिलानच्या वाट्याला ह्यातलं काय आलं, हे त्या श्रोत्यांना मी अजून सांगू शकलेलो नाही.