खिशातल्या यंत्राची लिपी

हातात मावणाऱ्या संगणकांचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक पडद्याचा आकार, किंमत आणि कंपन्यांची चढाओढ यांवरच थांबतात. त्या यंत्रांवर लिहायचे कसे, या प्रश्नाला एखादा परिच्छेद मिळतो. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. १९९० च्या दशकात त्याचे उत्तर म्हणून एक नवी लिपी घडवली गेली, जगभर लाखो लोकांनी ती शिकून घेतली आणि दहा-बारा वर्षांत ती मागेही पडली. तिचे नाव ग्राफिटी. प्रस्तुत लेखात तिचा विचार मी लिपी म्हणूनच करणार आहे. तिच्याशेजारी मोडी ठेवणार आहे, कारण वेगासाठी घडलेली लिपी कशी पारखावी याचा धडा मराठी माणसाला मोडीतूनच मिळू शकतो.

‘पर्सनल डिजिटल असिस्टंट’ हे नाव अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख जॉन स्कली यांनी जानेवारी १९९२ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात रूढ केले. पुढे ऑगस्ट १९९३ मध्ये त्यांच्या कंपनीचे न्यूटन मेसेजपॅड बाजारात आले. किंमत होती ६९९ डॉलर आणि आश्वासन मोठे होते : तुम्ही नेहमीसारखे लिहा, तुमचे अक्षर यंत्र ओळखेल. पहिल्या आवृत्तीत ही ओळख बरीचशी शब्दकोशावर बेतलेली होती. लिहिलेला शब्द आकाराने ज्याच्या जवळ जाईल तो कोशातला शब्द यंत्र समोर ठेवी. म्हणून त्याच्या चुका विचित्र असत. अक्षर बिघडण्याऐवजी भलताच, पण शुद्ध शब्द उमटे. गॅरी ट्रूडो यांनी आपल्या ‘डून्सबरी’ या चित्रमालिकेत त्याच महिन्यात न्यूटनची टर उडवली. पुढच्या आवृत्त्यांत ही ओळख पुष्कळ सुधारली, पण गेलेली पत परत आली नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यूटन बंद झाले.

न्यूटनचे अपयश केवळ तंत्राचे मानू नये. चूक झाली की ती हाताची की यंत्राची, हे लिहिणाऱ्याला कळत नसे. त्यामुळे पुढच्या वेळी वेगळे काय करायचे तेही कळत नसे. विद्यार्थ्याला चूक दाखवायची पण नियम सांगायचा नाही, असे ते शिक्षण होते.

जेफ हॉकिन्स यांनी उलटी वाट धरली. १९९३ चे त्यांचे ‘झूमर’ हे यंत्रही बाजारात पडले होते. त्यानंतर खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा ते बरोबर बाळगू लागले आणि यंत्र हाती असल्यासारखे त्यावर टिपणे घेण्याचा अभिनय करून पाहू लागले. यातून ‘पायलट’ घडले. मार्च १९९६ मध्ये आलेल्या या यंत्राच्या धाकट्या आवृत्तीत १२८ किलोबाइट स्मरण होते, किंमत २९९ डॉलर. पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा, वीज दोन बारक्या सेलांची. पडद्याखाली लिहिण्याची चौकट होती : डाव्या भागात अक्षरे, उजव्या भागात आकडे. तिथे लिहायचे ते ग्राफिटीत.

या लिपीचा नियम एकच : शक्यतो एका अक्षराला एकच फटकारा. रोमन ए मधली आडवी दांडी गेली, उरली उलट्या व्हीसारखी खूण. टी म्हणजे डावीकडून उजवीकडे आडवी रेघ आणि न उचलता खाली. एफ म्हणजे त्याचेच आरशातले रूप. सरळ खाली ओढलेली रेघ म्हणजे आय, तीच खालून वर ओढली की पुढचे अक्षर मोठ्या लिपीत. डावीकडून उजवीकडे गेलात तर मोकळी जागा, उजवीकडून डावीकडे आलात तर मागचे अक्षर पुसले जाई. म्हणजे तीच रेघ, दिशा बदलली की अर्थ वेगळा. कागदावरच्या अक्षराला दिशा नसते. उमटलेल्या आयकडे पाहून लेखणी वरून आली की खालून, हे वाचणारा विचारत नाही. ग्राफिटीत मात्र हाताची चाल हाच मजकूर आहे.

कॅनडातील स्कॉट मॅकेन्झी आणि शॉन झांग यांनी १९९७ मध्ये या लिपीची चाचणी घेतली. तक्ता एक मिनिट पाहून लोक ८६ टक्के अक्षरे बिनचूक काढत होते, पाच मिनिटांच्या सरावानंतर ९७ टक्के. आठवडाभर हात न लावताही हे प्रमाण टिकले. याचे श्रेय रोमन अक्षराशी राखलेल्या साम्याला द्यावे लागते. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात डेव्हिड गोल्डबर्ग यांनी याआधी ‘युनिस्ट्रोक्स’ नावाची एकफटकारी लिपी रचली होती. तिच्यात वारंवार लागणाऱ्या ई, ए, टी, आय, आर या अक्षरांना निव्वळ सरळ रेघा दिल्या होत्या. ती रचना वेगाच्या दृष्टीने सरस, पण पाठ करावी लागणारी. हॉकिन्स यांनी थोडा वेग सोडला आणि माणसाची स्मृती वापरली.

मी स्वतः या वाटेवर २००० च्या सुमारास आलो. मला दप्तरखान्यांत टिपणे घ्यायला काहीतरी हवे होते. बाजारात डिजिटल डायऱ्या मिळत, पण त्यांच्या बटणांवर बोट बसत नसे. कळफलक असलेले सायन चांगले होते, पण ते टेबलावर ठेवून टंकावे लागे आणि मला रुमाल सोडता सोडता उभ्याने लिहायचे असे. अमेरिकेत राहणाऱ्या मावसभावाने आपले वापरलेले पाम देऊ केले आणि निवड झाली. पुढची सहा वर्षे ते सदऱ्याच्या खिशात राहिले. रुमालाचा क्रमांक, तारीख, गावाचे नाव, पाहिलेल्या कागदाचा दोन ओळींचा गोषवारा असे मी त्यावर टिपत असे. घरी आल्यावर ते बैठकीत ठेवून एक बटण दाबले की सगळे संगणकात उतरे. ही सवय बिनतोड होती, कारण त्या पिढीच्या यंत्रांत सेल पूर्ण उतरले की स्मरणही रिकामे होई. रोजचा हिशेब रोज वहीत चढवणाऱ्या दिवाणजीची शिस्त ते यंत्र मागत होते.

समोर मोडीचे कागद आणि हातात ग्राफिटी, अशा स्थितीत तुलना टाळणे अवघडच. बाळबोधीत शब्द लिहून झाल्यावर प्रत्येकावर शिरोरेघ द्यावी लागते. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा आखून घेतो आणि त्यांखाली अक्षरे जोडत जातो. प्रत्येक शब्दामागे हात उचलण्याचा एक खेप वाचतो. शिवाय मोडीत व्यवहारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. हे सगळे ग्राफिटीच्या ए मधली दांडी काढण्यासारखेच आहे. पण म्हणून ‘पामवाल्यांनी केले ते आमच्या कारकुनांनी आधीच केले होते’ असा अभिमान मिरवण्यात अर्थ नाही. मोडीचे प्रत्येक अक्षर एका फटकाऱ्यात संपत नाही, आणि दोन्ही लिप्यांचे वाचक मुळातच वेगळे आहेत.

मोडीचा वाचक माणूस होता, तोही बहुधा त्याच व्यवहारातला. त्याला प्रसंग ठाऊक असे, माणसे ठाऊक असत. म्हणून सारखी दिसणारी अक्षरे आणि गाळलेले भेद लिपीला परवडत. जे कागदावर नसे ते वाचणारा भरून काढी. ग्राफिटीच्या वाचकाला संदर्भ कळत नव्हता, म्हणून तिचे प्रत्येक अक्षर इतरांपासून स्वच्छ वेगळे ठेवावे लागले. आणखी एक फरक मला अधिक अस्वस्थ करतो. ग्राफिटीतली अक्षरे एकाच चौकटीत एकावर एक काढायची. यंत्राने ओळखले की खूण नाहीशी. ही लिपी लाखोंनी लिहिली, वाचली कुणीच नाही. मोडी वाचणारे थोडे उरले तरी तिचे कागद रुमालांत आहेत. कुणी शिकला तर ते पुन्हा बोलू लागतात. माझ्या सहा वर्षांच्या टिपणांतला मजकूर संगणकात शाबूत आहे. हस्ताक्षर म्हणावे असे त्यात काही नाही.

या लिपीला मालक होता, हेही विसरता येत नाही. गोल्डबर्ग यांच्या रचनेचे पेटंट जानेवारी १९९७ मध्ये मंजूर झाले आणि त्याच वर्षी झेरॉक्सने दावा लावला. २००३ मध्ये पामने नव्या यंत्रांतून मूळ ग्राफिटी काढून ‘ग्राफिटी २’ आणली. तिच्यात टी, आय यांसारख्या अक्षरांना पुन्हा दोन फटकारे लागू लागले. २००४ मध्ये न्यायालयाने ते पेटंट अवैध ठरवले आणि २००६ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. तोवर हात बदलून झाले होते. मोडीवरही राज्यकर्त्यांनी आणि छापखान्यांनी असाच निर्णय लादला, पण तिच्यावर कुणाची मालकी नव्हती. ती शिकवायला आजही कुणाची परवानगी लागत नाही.

आता मराठीपुरते पाहू. पामची जपानी आवृत्ती होती, देवनागरी मात्र यंत्राबरोबर येत नव्हती. माझी टिपणे रोमन अक्षरांत आहेत. के-ए-एल ही तीन अक्षरे ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कल’ या तिघांसाठी चालतात. द आणि ड, त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ एकाच दावणीला. ‘वादी’ आणि ‘वाडी’ यांत फरक उरत नाही, आणि जमिनीच्या कागदांत हे दोन्ही शब्द एकाच पानावर येऊ शकतात. गळती मोडीतही होती, पण मोडीने गाळले ते ऱ्हस्व-दीर्घ. मराठीत त्या भेदावाचून अर्थ सहसा अडत नाही, हे रोज मराठी लिहिणाऱ्यांनी अनुभवाने ओळखले होते. ळ किंवा ण त्यांनी गाळला नाही. रोमन वळणात नेमके तेच गळते, कारण तिची घडण होताना मराठी कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती.

भारतीय भाषा डोळ्यांपुढे ठेवून यंत्र घडवण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर ही कंपनी यांनी मिळून २००१ मध्ये ‘सिम्प्युटर’चा नमुना पुढे आणला. एक यंत्र अनेकांनी वापरावे, प्रत्येकाची माहिती ज्याच्या त्याच्या स्मार्ट कार्डावर असावी, आणि वाचता न येणाऱ्यासाठी यंत्राने मजकूर बोलून दाखवावा, अशी कल्पना होती. २००४ मध्ये त्याचे ‘अमिडा’ हे रूप विक्रीला आले, पण बाजारात ते रुजले नाही. तरी त्या कल्पनेतला प्रश्न योग्य होता : कुणाच्या भाषेसाठी आणि कुणाच्या हातासाठी?

वेगासाठी घडलेली प्रत्येक लिपी काहीतरी गाळते. तिला पारखताना दोन गोष्टी विचाराव्यात : काय गाळायचे हे कुणी ठरवले, आणि गाळलेले भरून कोण काढतो? मोडीत दोन्हींचे उत्तर मराठी लिहिणारा-वाचणारा समाज असे होते. ग्राफिटीत निर्णय कंपनीचा, पण नियम तक्त्यावर छापून हाती दिलेला. चुकले तर कुठे चुकले हे लिहिणाऱ्याला पाहता येत होते. आजच्या फोनवर मुले मराठी रोमन अक्षरांत टंकतात आणि फोन तिचे देवनागरी करून देतो. सोय मोठी आहे, मीही ती वापरतो. पण के-ए-एल चे ‘काल’ करायचे की ‘काळ’, हे तिथे बहुधा सवयीच्या, जास्त वापरातल्या शब्दाच्या बाजूने ठरते, आणि त्याचा तक्ता आपल्या हाती नाही. बोलीतला शब्द, जुन्या गावाचे नाव, दप्तरातली संज्ञा लिहायला जावे तर शेजारचा प्रमाण शब्द पुढे येतो आणि घाईत तोच राहून जातो. न्यूटनची चूक निदान हास्यास्पद असल्याने लगेच दिसत असे. ही चूक शुद्ध मराठीत असते, म्हणून ती कुणी दुरुस्त करत नाही. मराठी टंकाची साधने तपासताना आपण वेग आणि सोय मोजतो. कोणते शब्द त्यांच्यातून पार होत नाहीत, याचीही यादी आता गावोगावच्या शब्दसंग्राहकांनी करायला हवी.