‘दिव्यांग व्यक्ती’ : व्याख्या आणि पात्रता

कोणत्याही कल्याणकारी अधिनियमाचा वाचक प्रथम व्याख्यांच्या कलमाकडे वळतो. व्याख्येत स्वतःचा समावेश होतो असे एकदा दिसले, की पुढील सर्व तरतुदी स्वतःस लागू आहेत असे तो गृहीत धरतो. अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या अधिनियमापुरते हे गृहीत बव्हंशी बरोबर होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यास मात्र ते लागू पडत नाही. शासकीय सवलतींस कोण पात्र आणि कोण अपात्र, याविषयी विद्यार्थी, पालक आणि कित्येकदा शिक्षणसंस्थाही ज्या संभ्रमात पडतात, त्याचे मूळ नियमांच्या संख्येत नसून व्याख्येच्या रचनेत आहे. या दृष्टीने पाहता हा प्रश्न जितका विधिशास्त्राचा तितकाच भाषाविचाराचाही आहे.

१९९५ च्या अधिनियमाने सात प्रकार मानले होते : अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, चलनवलनविषयक अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. यांपैकी एखादे अपंगत्व वैद्यकीय दाखल्यानुसार ४० टक्क्यांहून कमी नसेल, तरच ती व्यक्ती ‘अपंग’ ठरे. येथे टक्केवारी हे केवळ विशेषण नव्हते. तो संज्ञेच्या अर्थाचाच घटक होता. ३९ टक्क्यांचा मनुष्य कायद्याच्या भाषेत ‘कमी अपंग’ नव्हे, तर अपंगच नव्हे. ही व्याख्या कठोर होती. तथापि ती एकार्थी होती.

२०१६ चा अधिनियम संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या करारास अनुसरून झाला. भारताने त्या करारास २००७ मध्ये मान्यता दिली होती. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या या अधिनियमात सातांचे एकवीस प्रकार झाले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. त्याहून महत्त्वाचा बदल वाक्यरचनेतला आहे. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक अथवा ज्ञानेंद्रियविषयक दोष आणि भोवतीचे अडथळे यांच्या संबंधातून जिच्या समाजातील समान सहभागास बाधा येते, ती दिव्यांग व्यक्ती, असा नव्या व्याख्येचा आशय आहे. पूर्वी व्यक्तीपाशी असलेल्या एका प्रमाणाचे वर्णन होते. आता व्यक्ती आणि परिसर यांमधील संबंधाचे वर्णन आहे. चाकाची खुर्ची हे अपंगत्व नव्हे आणि जिना हेही नव्हे. या दोहोंची गाठ जेथे पडते तेथे अपंगत्व उत्पन्न होते. या व्याख्येत टक्केवारीचा उल्लेखच नाही.

परंतु त्याच कलमात याआधीच्या पोटकलमात आणखी एक संज्ञा आहे. मराठी शासनव्यवहारात तिला ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असे म्हणतात. विनिर्दिष्ट दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी नसणे ही तिची कसोटी होय. आणि अनुसूचीनेच जेथे माप ठरवून दिले आहे, उदाहरणार्थ बुटकेपणासाठी ४ फूट १० इंच उंचीची मर्यादा, तेथे ते माप लागू होते. म्हणजे व्याख्येतून निघालेली संख्या शेजारच्या दाराने परत आली आहे.

आता लाभांची वाटणी पाहावी. भेदभावापासून संरक्षण आणि गरजेनुरूप वाजवी सोय हे हक्क पहिल्या, व्यापक संज्ञेस जोडलेले आहेत. उच्च शिक्षणातील किमान ५ टक्के राखीव जागा, शासकीय नोकऱ्यांतील किमान ४ टक्के जागा आणि ६ ते १८ या वयातील मोफत शिक्षण हे लाभ दुसऱ्या, मर्यादित संज्ञेचे आहेत. निवृत्तिवेतनाची अट याहूनही वेगळी आहे. केंद्र शासनाच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि तीव्र अथवा बहुविध, म्हणजे किमान ८० टक्के, अपंगत्व या दोन्ही अटी आहेत. २०१२ मध्ये तिच्यातील केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये करण्यात आला. ओळखपत्राच्या रंगांतही हीच उतरंड दिसते : ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळे, ८० व त्यापुढे निळे. यास्तव ‘दिव्यांगांस सवलत’ या दोन शब्दांच्या मथळ्याखाली निदान तीन भिन्न समूह अभिप्रेत असू शकतात, आणि मथळा त्यांतील कोणता हे सांगत नाही.

‘लक्षणीय’ या विशेषणाची निवडही चिंत्य आहे. मूळ इंग्रजी संज्ञेत मोजणीसाठी केलेल्या खुणेची कल्पना आहे. ती खूण प्रशासनाने सोयीसाठी आखलेली असते. ‘लक्षणीय’ म्हणजे ध्यानात येण्याजोगे. परिणामी सीमेखालील दिव्यांगत्व नगण्य असल्याचा ध्वनी मराठी शब्दातून निघतो. खूण मोजणाऱ्याची असते; लक्षणीयता मात्र मोजल्या जाणाऱ्या माणसास चिकटते.

ती खूण कशी आखली जाते हेही पाहण्याजोगे आहे. मूल्यमापनविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार एक डोळा पूर्णतः निकामी व दुसरा निर्दोष असल्यास ३० टक्के धरले जातात. दोन दोष एकत्र असल्यास त्यांची साधी बेरीज होत नाही. नव्वदांतून मोठी संख्या वजा करावयाची, उरलेल्यास लहान संख्येने गुणून नव्वदांनी भागावयाचे आणि येणारे फळ मोठ्या संख्येत मिळवावयाचे, अशी रीत आहे. त्यामुळे ३० आणि ३० मिळून ६० न होता ५० होतात. ३० आणि १५ मिळून बरोबर ४० होतात. गणित निर्दोष आहे. पण ते केवळ देहातील दोष मोजते. ज्या अडथळ्यांना नव्या व्याख्येने अर्थाचा अर्धा भाग दिला, त्यांना या गणितात स्थान नाही.

वाचा व भाषा यांच्या दिव्यांगत्वाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. अनुसूचीत स्वरयंत्र काढून टाकल्याने आलेली स्थिती आणि मेंदूच्या इजेमुळे होणारा भाषालोप ही दोन्ही एकाच शीर्षकाखाली येतात. वस्तुतः पहिल्या स्थितीत आवाज जातो, भाषा शाबूत राहते. दुसरीत भाषेवरच आघात होतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात वैद्यकीय अभ्यासक्रमास प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाचा-भाषाविषयक दिव्यांगत्वाचे प्रमाण ४४ ते ४५ टक्के ठरले होते. तेव्हाच्या नियमांनुसार ४० टक्क्यांखाली राखीव जागा नाही, आणि ४० वा त्याहून अधिक असल्यास अभ्यासक्रमास पात्रता नाही. एकाच अंकाने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. केवळ प्रमाणावरून अपात्र ठरवू नये, अभ्यासक्रम पुरा करण्याच्या क्षमतेविषयी मंडळाने सकारण मत द्यावे, असा निर्णय न्यायालयाने दिला.

त्यापूर्वी २०२१ मध्ये, चेतासंस्थेच्या विकारामुळे लिहिता न येणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात, लेखनिक मिळण्यास लक्षणीय दिव्यांगत्वाची अट घालता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले होते. ४० टक्क्यांखालील परीक्षार्थींसाठी केंद्र शासनाच्या सूचना २०२२ मध्ये निघाल्या. दोन्ही निर्णयांचे मर्म एकच : दोन संज्ञांची अदलाबदल करू नये.

मर्यादित साधनांची वाटणी करावयाची तर कोठेतरी रेषा ओढावी लागणार, आणि संख्या निदान वशिल्यास दाद देत नाही, हा आक्षेप रास्त आहे. राखीव जागांसाठी तो मान्य करावा लागेल. परंतु वाजवी सोय ही वाटणीची वस्तू नव्हे; तेथे तीच रेषा वापरणे म्हणजे व्याख्याच रद्द करणे होय.

२०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘विकलांग’ या शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला. त्यावर पुष्कळ चर्चा झाली, आणि नावाच्या औचित्याचा वाद अद्याप मिटलेला नाही. मात्र पात्रतेच्या दृष्टीने नामापेक्षा त्यामागची अट निर्णायक आहे. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ‘दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी’ एवढेच लिहिले, तर ३० टक्क्यांचा दाखला असलेला विद्यार्थी राखीव जागेसाठी व्यर्थ अर्ज करील. आणि स्वतःच्या हक्काचा लेखनिक मात्र मागणारच नाही. पहिली चूक त्याचा वेळ घेते, दुसरी त्याचे वर्ष. कोणती संज्ञा, कोणते प्रमाण आणि कोणता लाभ, या तीन गोष्टी एकाच वाक्यात सांगणारे मराठी लिहिणे हे येथे अनुवादकाचे आणि अध्यापकाचे पहिले कर्तव्य ठरते.