आर्पेजिएटरला राग कळतो का? चरणजित सिंग यांच्या दहा रागांविषयी

चरणजित सिंग हे मुंबईतले, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. 1982 साली त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि एकदम बोलबाला झाला : शिकागोत 1987 साली ‘ॲसिड ट्रॅक्स’ आली, त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत ॲसिड हाउस वाजलं होतं! आम्हांला हे कौतुक भलत्याच जागी पडलेलं वाटतं. पहिलं कोण, ही शर्यत सिंग धावतच नव्हते. ते राग वाजवत होते. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा, की राग वाजला का?

त्यांच्याकडे रोलँडची तीन यंत्रं होती. तालाला टीआर-808, खर्जातल्या धावत्या सुरांना टीबी-303, आणि वर हातानं वाजवायला ज्युपिटर-8. मिडी आलं 1983 मध्ये. त्याआधी ही यंत्रं सिंकच्या वायरनं जोडत. 808 दर ठोक्याला 24 स्पंदनं पाठवतं आणि 303 ती मोजत चालतं. ज्युपिटरच्या आर्पेजिएटरलाही बाहेरून असं घड्याळ देता येतं. एकदा जोडलं की कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही.

आता आर्पेजिएटर काय करतो? तुम्ही चार-पाच पट्ट्या दाबून धरा, तो त्याच सुरांची माळ ओढत राहतो : चढती, उतरती, चढती-उतरती किंवा वाटेल तशी. थोडक्यात, पलटे घोकणारा विद्यार्थी! त्याला सूर कोणते ते कळतं, चलन कळत नाही. भूप आणि देसकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध, तेच पाच सूर. भूपाचा जीव गंधारात, देसकाराचा धैवतात. आर्पेजिएटरच्या लेखी दोन्ही एकच. ललितात तर पंचाईत आणखी वाढते. तिथं शुद्ध मध्यमावरून तीव्रावर जाऊन पुन्हा शुद्धावर वळायचं असतं, त्या वळणातच ललित आहे. यंत्र मधूनच वळत नाही. ते टोकाला जातं आणि मगच फिरतं.

दुसरी गोष्ट स्विंगची. 120 च्या लयीत सोळांशातला प्रत्येक सूर 125 मिलिसेकंदांचा. दोन सुरांची जोडी 250 ची. स्विंग 50 टक्के म्हणजे सरळ वाटणी; 66 टक्के केला की पहिला सुमारे 165, दुसरा 85, आणि ठेका झुलायला लागतो. रॉजर लिन यांच्या एलएम-1 या ड्रम मशीनमध्ये 1980 सालीच ही सोय होती. 808 मध्ये ती नाही. आमचा तबलजी केरवा वाजवताना ही वाटणी न मोजता करतो, शिवाय आवर्तनागणिक थोडी बदलतोही. (इथं बर्गसाँचं नाव घ्यायचा मोह आम्ही आवरतो. नाहीतर तास तिकडंच जाईल.) म्हणजे सिंग यांनी तबला काढला तेव्हा नुसतं एक वाद्य गेलं नाही, झुलणंही गेलं.

मग उरलं काय? उरला उजवा हात. खालचं सगळं गजानं आखल्यासारखं सरळ, आणि त्यावर एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणारी, मींडेची आठवण देणारी ओळ. ती ओळ चौकटीच्या जरा मागं रेंगाळते तेव्हा आम्हांला राग ऐकू येतो, आणि तो खालच्या सरळपणामुळेच जास्त उठून दिसतो. तबल्यासोबत हे रेंगाळणं इतकं उघडं पडलं नसतं. उलट, द्रुत जागांत हात सोळांशांच्या घरांत नेमका जाऊन बसला, की रागाची नुसती सरगम होते. तिथं सिंग स्वतःच आर्पेजिएटर होतात. पाच मिनिटांच्या आसपासचा एकेक राग, त्यात असं व्हायला वेळ लागत नाही. ॲसिडवाल्या रसिकांना नेमक्या याच जागा आवडतात, हेही नोंदवू या.

आता भूपाली लावतो आहोत. 303 कडे कान देऊ नका. वरचा हात गंधारावर किती वेळा थांबतो आणि धैवतावर किती, एवढंच मोजा.